न फवारलेली पट्टी

"हरभऱ्याची मधली पट्टी फवारायची नाही. नव्या औषधाचा गुण त्याशिवाय कळणार कसा?" संशोधक शिरभाते मॅडम गुंफाबाईंना बजावून गेल्या.

त्या दिवसापासून गुंफाबाईंना चैन पडेना. सकाळ-संध्याकाळ बांधावर येरझारा घालायच्या. डोळ्यांदेखत अळ्या घाटे पोखरत होत्या. आठव्या दिवशी राहवलं नाही. त्यांनी पट्टीतली अळी न् अळी वेचून काढली.

तपासणीला आलेल्या मॅडमचा अळ्या मोजताना चेहरा उतरला. "न फवारलेल्या पट्टीतही अळ्या तेवढ्याच कमी. म्हणजे औषध कुचकामी."

गुंफाबाईंना गप्प बसवेना. "मीच वेचल्या, मॅडम."

मॅडम बांधावरच बसल्या. "अख्खा हंगाम वाया गेला, मावशी. पुढच्या वर्षी दुसरं शेत बघते."

"शेत माझंच घ्या," गुंफाबाई म्हणाल्या. "तेवढे दिवस मी माहेरी जाऊन राहते."