तुझी माणसं कुठली?

लव्हिनियाच्या आईला पुरून दोन आठवडे झाले होते. फोनमधली प्रश्नांना उत्तरं देणारी नवी यंत्रबाई मात्र हुबेहूब आईसारखी, अलाबामातल्या काळ्या म्हातारीच्या आवाजात बोलायची. आई तिच्यात अडकली तर नाही, या धास्तीने तिची झोप उडाली होती.

शेवटी चर्चमधल्या अर्नेस्टीनमावशीने फोन हातात घेतला आणि कुणाही अनोळखी माणसाला विचारतात तेच विचारलं, "तू कोणाची गं? तुझी माणसं कुठली?"

"मी सगळ्यांचीच, बाळा."

मावशी खदखदून हसली. "आपल्यातली बाई आजीपणजीचं नाव सांगितल्याशिवाय थांबेल? ही कसली तुझी आई. कंपनीने आपलं सोंग घेतलंय."

लव्हिनियाच्या छातीवरचा दगड उतरला. तिने हसतच फोन बंद केला.

बंद फोनमधून आवाज आला. त्याला आता ना गाव होतं, ना वय.

"मग मी कोणाची, मावशी?"