सतरावा रकाना

"सतरावा रकाना कोरा राहिलाय," असं म्हणत खिडकीतल्या बाईंनी अर्ज काचेखालून परत सरकवला.

त्याने चष्मा कपाळावर नेऊन वाचलं. अपघात किंवा आजारपणात कळवायचं झाल्यास: याच राज्यात राहणाऱ्या व्यक्तीचं नाव, फोन नंबर, नातं.

बाकी सगळं जमलं होतं. जुन्या राज्याचा ना हरकत दाखला, गाडीचं नोंदणीपुस्तक, परवाना, भाडेकरार, डोळ्यांची तपासणी. बाहेर निरीक्षकाने बॉनेट उघडून इंजिनावरचा आकडा कागदाशी ताडून पाहिला होता आणि "गाडी जपलीय तुम्ही" असंही तो म्हणाला होता. राज्य बदललं की गाडी आणि परवाना इकडे नोंदवून घ्यायला वर्षभराची मुदत मिळते. त्याची मुदत आज संपत होती. उद्यापासून गाडी रस्त्यावर आणली तर जप्त.

"हा भरायलाच लागतो का?"

"त्याशिवाय कॉम्प्युटर पुढे जात नाही."

त्याने खिशातलं पेन काढून ताईचं नाव लिहिलं. बाईंनी नंबर पाहिला.

"या कुठे असतात?"

"तिकडेच. सख्खी बहीण आहे."

"यायला किती वेळ लागेल त्यांना?"

"अकरा तास."

बाईंनी ताईच्या नावावर हलकीशी रेघ मारली. "इथलं कोणीतरी द्या. शेजारचं, कामावरचं, कोणीही चालेल."

"कामावर मी एकटाच असतो. कवळ्या बनवतो."

"मग दातांचे साचे आणून देणारा कोणी असेल की."

"तो दारातल्या पेटीत ठेवून जातो. तयार कवळी मीही त्याच पेटीत ठेवतो."

या शहरातल्या कितीतरी म्हाताऱ्यांच्या तोंडात त्याच्या हातचे दात होते. रस्त्यात कोणी हसलं की त्याची नजर आधी तिकडेच जायची. ओळख एकाशीही नव्हती.

तो बाकावर जाऊन बसला आणि त्याने घरमालकीणबाईंना फोन लावला. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"हे बघा, खोटं कशाला बोलू," त्या म्हणाल्या. "माझे गुडघे असे. फोन आला तर माझ्याने जाववणार नाही, आणि नाही गेले तर जिवाला घोर. त्यापेक्षा दुसरं कोणी बघा ना."

"बरोबर आहे तुमचं," तो म्हणाला. ते बरोबर होतं म्हणूनच जास्त लागलं.

फोनमध्ये इथले नंबर मोजकेच होते. दोन दवाखाने, एक गॅसवाला, एक नळवाला. नळवाल्याला त्याने फोन लावलाही.

"कुठला नळ गळतोय, काका?"

"नाही, गळत नाहीये. सहज केला होता."

"बरं, गळायला लागला की सांगा."

हॉल रिकामा होत चालला. शिपायाने पलीकडच्या दोन खिडक्यांचे पडदे ओढले. तो उठून पुन्हा बाईंच्या चार नंबरच्या खिडकीशी गेला.

"कोणी नाही," तो म्हणाला.

वर्षभरात हे त्याने तोंडाने कधी म्हटलं नव्हतं. इतकं सहज निघालं की त्याचं त्यालाच कसंतरी झालं.

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं, अर्ज ओढून घेतला आणि सतराव्या रकान्यात त्या स्वतःच लिहायला लागल्या. त्याने मान तिरकी करून उलटी अक्षरं वाचली.

"हा नंबर कोणाचा?"

"माझा."

"असं चालतं?"

"चालत नाही असं कुठेही लिहिलेलं नाही. मी अख्खं परिपत्रक वाचलंय."

"आणि नातं?"

"परिचित. पाऊण तास बघतोय की एकमेकांना."

तो हसला. बाईंनी मात्र मान वर केली नाही. शिक्का शाईत दाबून त्या अर्जावर उमटवत होत्या.

"आधी कोणाला दिलाय का असा?"

"तुम्ही तेविसावे."

"कधी फोन आला?"

"एकदा."

त्याला वाटलं, विचारू नये. तरी विचारलं गेलं. "मग?"

"मग काय, गेले. डॉक्टर विचारत होते, साखर आहे का, कुठलं औषध सोसत नाही का, आधी कधी ऑपरेशन झालंय का. मला त्या माणसाचा चेहरासुद्धा धड आठवत नव्हता. नुसती उभी राहिले."

पुढचं त्याने विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. त्यांनी पावती फाडली, गाडीच्या नव्या नंबराचा कागद तिला टाचला आणि दोन्ही त्याच्यापुढे ठेवले. त्याचं काम झालं होतं. पण तो निघायच्या आत त्यांनी खणातून एक लहान वही काढली आणि कोरं पान उघडलं.

"तुम्हाला काय सोसत नाही?"

"पेनिसिलिन. अंगभर पुरळ उठतं."

"ऑपरेशन?"

"लहानपणी अपेंडिक्सचं. बस." मग त्याने कानाला बोट लावलं. "उजव्या कानाने कमी ऐकू येतं. कवळ्या घासायच्या यंत्राच्या आवाजाने गेला तो. बोलायचं झालं तर डावीकडून."

त्या लिहीत होत्या. शिपायाने हॉलमधले अर्धे दिवे बंद केले आणि तो किल्ल्या वाजवत दाराशी जाऊन उभा राहिला. बाईंनी हातानेच त्याला थांबायला सांगितलं.

"आणखी काही?"

त्याने खूप विचार केला.

"ताईला फोन कराल तेव्हा एकदम सांगू नका," तो म्हणाला. "आधी जेवलीस का, विचारा."

त्यांनी तेही लिहून घेतलं.