परतीचे कप

सोमवारी दुपारी कनिपा आपा तळमजल्यावरच्या धुण्याच्या खोलीत स्टुलावर बसून झाकणाचे हिरवे प्लास्टिकचे कप पुसत होत्या. आसपासच्या चार रस्त्यांवरच्या टपऱ्या याच कपांतून कॉफी देत. माणसं पीत पीत चालत जात, वाटेतल्या कुठल्याही टपरीवर कप परत टाकत आणि संध्याकाळी ते आपांकडे धुवायला येत.

त्यांची मुलगी गौहर दारातच उभी राहिली.

"आपा, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी लोकांचे उष्टे कप धुतेस, बरं दिसतं का हे?"

"मला कुठे काय दिसतंय? तुला दिसतंय ना, मग हा बघ. लिपस्टिक राहिलीय का?"

गौहरने कप उजेडात धरला. राहिली होती.

"नाही," असं म्हणून ती वर निघून गेली.

मंगळवारी सकाळी आपा उठल्या नाहीत.

सातव्या दिवसाच्या जेवणाला गावाहून मिनीबस भरून माणसं आली. अल्माटीतल्या त्या जुन्या इमारतीच्या अंगणात टेबलं मांडली होती. गौहरच्या धाकट्या भावाने, ओराझने, गाडीतून कागदी कपांची खोकी काढली. गौहरने ती उचलून पुन्हा डिकीत टाकली.

"मग ताई, चहा काय ओंजळीत ओतायचा?"

"धुण्याच्या खोलीत आपाचे कप आहेत."

कप खरं तर पालिकेचे. पालिकेत काम करणाऱ्या आयदानाने ते वापरायला दिले, पण बजावलं, "उद्या सकाळी तपासणी आहे. कप परत येत नाहीत, खोली उगाच अडवलीय, अशी इथल्याच कुणाची तरी तक्रार आहे. उद्या कप जागेवर नसले तर खोलीला कुलूप लागेल. टपऱ्यांवर पुन्हा कागदाचे कप येतील."

गौहरने मान हलवली. तक्रार तिनेच केली होती, खाली नाव न घालता, तीन महिन्यांपूर्वी. आपांना घरी बसवायचा दुसरा मार्ग तिला सुचला नव्हता.

जेवण झालं, दुआ झाली. दुधाचा चहा हिरव्या कपांतून फिरला. म्हाताऱ्यांना झाकणाचं फार कौतुक वाटलं. "सांडत नाही गं! आपल्या वेळी असते तर घोड्यावर बसून प्यायलो असतो."

पाहुणे उठल्यावर गौहर टोपली घेऊन टेबलांपाशी आली. ताटल्या होत्या, हाडं होती, बाउरसाकचे, तळलेल्या पावाचे तुकडे होते. कप एकही नव्हता.

मग तिच्या लक्षात आलं. पिकल्या वयाचं माणूस गेलं की त्याच्या जेवणातलं एखादं भांडं लोक घरी नेतात. तबारिक म्हणतात त्याला. गेलेल्याचं आयुष्य आपल्याही घराला लाभावं म्हणून. आजोबांच्या वेळचा चमचा गौहरच्या स्वयंपाकघरात अजून होता. पण प्लास्टिकचा कप कुणी तबारिक म्हणून नेईल, हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

मिनीबस सुरू झाली होती. गौहर टोपली घेऊन धावली आणि बससमोर उभी राहिली.

ड्रायव्हरने हॉर्न दाबला. "बाई, अंधाराच्या आत खिंड ओलांडायचीय!"

"कप द्या आणि मग जा."

बातेसमावशी, आपांची धाकटी बहीण, दांडा धरून धरून खाली उतरली. तिचा कप रुमालात बांधलेला होता.

"तबारिक परत मागतेस? तुझ्या आईच्या जेवणातला? सात पिढ्यांत कुणी मागितला नाही."

"मावशी, पालिकेचे आहेत ते."

"मग पालिकेला सांग, म्हातारीने नेले. ये म्हणावं गावाला, मटण खाऊन जा."

बसमधून हशा उठला. ओराझ गौहरच्या कानाशी येऊन म्हणाला, "ताई, बाजूला हो. लोक हसतायत."

"हसू देत." ती मावशीकडे वळली. "कपाटातले तिचे केसे ने, चहाचे ते वाडगे. चमचे ने, शाल ने. हे नको."

"केसे माझ्याकडे ढीगभर आहेत." मावशीने रुमाल छातीशी धरला. "नातीला सातवा लागलाय. माझी बहीण रोज जे हातात धरायची, तेच तिच्या घरात हवंय मला. तुला काय कळणार? तू तर त्या खोलीत पाऊल टाकत नव्हतीस."

हशा थांबला. वरच्या गॅलऱ्यांतून शेजारी वाकून बघत होते. कप मोजायची यादी हातात धरून आयदाना खोलीच्या दारात उभी होती. ड्रायव्हरने पुन्हा हॉर्न दिला आणि बस हातभर पुढे घेतली. गौहर हलली नाही. टोपली तिने चाकासमोर ठेवली.

"तक्रार मी केली होती," ती म्हणाली. मग तिने आवाज आणखी चढवला. "ऐकताय ना सगळे? आयदाना, तूही ऐक. कप परत येत नाहीत, असं मी लिहिलं. खोटं लिहिलं. येत होते. रोज येत होते, आणि ती रोज धूत होती. मला तिची लाज वाटायची, म्हणून लिहिलं. तिला शेवटपर्यंत सांगितलं नाही."

बातेसमावशीने रुमाल आणखी घट्ट धरला.

"आज तुम्ही सगळ्यांनी हे कप नेलेत ना मावशी," गौहर म्हणाली, "तर मी लिहिलेलं खरं होईल."