रॉकोचा घोडा

प्रकाशनाच्या टाळ्या थांबेपर्यंत म्हाताऱ्या मोहोळकरांनी नव्या कॉमिकची निम्मी पानं उलटली होती. एकही चूक सापडेना, म्हणून जीव जळत होता.

रॉको त्यांचाच. शेरीफच्या कॉमिकमध्ये एका अंकापुरता काढलेला, मरायलाच आलेला बंदूकबाज. वाचकांनी पत्रं लिहून त्याला जगवलं. शेरीफ मागे पडला, रॉकोचे अंक निघत राहिले, मग तेही थांबले. आता प्रकाशकानं त्याला परत आणलं, तेही ऋजुता नावाच्या कालच्या पोरीकडून.

पोरीचे घोडे मात्र जिवंत होते. प्रत्येकाचा खूर न् खूर स्पष्ट. फक्त रॉकोच्या घोड्याचे पाय धुळीत बुडालेले.

सापडली! मोहोळकरांनी सगळ्यांदेखत तिला विचारलं, "इथले पाय जमले नाहीत वाटतं?"

"तसं नाही, सर. रॉको धुळीतूनच येतो ना! लहानपणापासून तुमच्या अंकांत तसाच पाहिलाय. खूर दाखवले असते, तर तो रॉको वाटलाच नसता."

खूर कधी जमलेच नाहीत म्हणून आपण धूळ काढायचो, हे मोहोळकर हिला कुठल्या तोंडानं सांगणार? त्यांनी चित्र पुन्हा निरखलं.

धूळसुद्धा पोरीचीच सरस होती.