सारस पाहायला

"आजोबा, काचेला नाक लावू नका," संग्रहालयाचा पहारेकरी म्हणाला.

"नाकच लांब आहे, साहेब. काय करू?" मार्तंडराव जागचे हलले नाहीत.

रेवतीने त्यांची बाही ओढली. "बाबा, मागे या ना."

"अगं, आधी बघ तरी."

काचेआड वहीच्या पानाएवढं मुघल चित्र होतं. त्यात एकच सारस. मानेपाशी लाल, खाली राखी. पीस न् पीस वेगळं काढलेलं. पायांवरचे खवलेसुद्धा. एक पाय उचललेला, आता टेकेल असा. मागे ना झाड, ना पाणी.

"कंटाळलाय बिचारा," बाबा म्हणाले. "बादशहाचा चित्रकार सोडेना आणि याला बेडूक खायला जायचंय."

रेवतीला हसू आलं. "थोडं बसता का? खुर्ची आणते."

"दिवाळीपासून कांदिवलीत बसूनच आहे की."

घरी परतताना टॅक्सीत ते त्या पायाबद्दलच बोलत होते. इतका बारीक कुंचला धरताना तो माणूस श्वास कधी घेत असेल, म्हणाले. रात्री दोनदा आमटी मागून घेतली. पहाटे झोपेतच गेले.

दहाव्याला दहिसरला पिंड ठेवला. कावळे समोरच्या पिंपळावर बसून होते, पण एकही खाली येईना. काकांनी गावच्या देवीची ओटी कबूल केली. सुलक्षणाआत्याने गायीला घास कबूल केला. कावळे ढिम्म.

श्रेयसदादा रेवतीकडे वळला. "डॉक्टरांनी जिना उतरू नका म्हणून बजावलं होतं. तू मला न विचारता त्यांना चित्रं दाखवत फिरवलंस. हात जोड आणि म्हण, चुकलं माझं."

"म्हण गं बाई," आत्या म्हणाली. "ऊन चढलंय. तुझ्या एका शब्दासाठी अडकलाय तो."

गेले दहा दिवस रेवती हेच ऐकत होती. दादापुढे तोंड उघडायची त्या घरात कुणालाच सवय नव्हती; तिला तर नव्हतीच.

ती पुढे झाली. पिंडासमोर उभी राहिली. हात जोडले.

"बाबा," ती म्हणाली. आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला. "माझं काही चुकलं नाही. तुम्हाला जायचं होतं, मी नेलं. पुन्हा म्हणाला असतात, तर पुन्हा नेलं असतं. कावळा शिवो, न शिवो."