पाचवं कारण

शिपायाने ‘तेजल हिरामण गतीर’ असं दुसऱ्यांदा पुकारलं, तेव्हा पदर सावरत एक बाई आत आली आणि परीक्षा देणाऱ्याच्या खुर्चीवर बसली. बीएच्या शेवटच्या वर्षाची तोंडी परीक्षा चालू होती. विषय, आधुनिक अमेरिकेचा इतिहास.

“मावशी, तेजल कुठंय?” सायली मॅडमनी विचारलं.

“मी तिची आई, नवसाबाई. घोटीकडून आले. तेजल गेली, मॅडम. आज बावीस दिस झाले. डेंगू झालता.”

रोज दोन तास एसटीने येऊन पहिल्या बाकावर बसणारी पोर. आणि आपण तीन आठवडे मुकाट्याने तिची गैरहजेरी मांडत बसलो, याची मॅडमना लाज वाटली.

“तिच्या जागी मी सांगते,” नवसाबाई म्हणाल्या. “मला समदं येतं.”

“असं चालत नाही हो, मावशी.”

“रेशनला चालतं की. कार्डावर नाव असलं म्हंजी घरातल्या कोणाचाबी आंगठा चालतो. इचारा मला.”

नाही म्हणायचा धीर मॅडमना झाला नाही. “एकोणीसशे एकोणतीसच्या महामंदीची कारणं सांगा.”

नवसाबाईंनी डोळे मिटले. त्यांना वाचता येत नव्हतं. पण रोज सकाळी त्या भाकरी थापायच्या आणि लेक चुलीशी बसून मोठ्याने पाठ करायची.

“एक. गरजेपेक्षा जास्त उत्पादन. दोन. संपत्तीचे विषम वाटप. तीन. शेअर बाजारातील सट्टेबाजी. ऑक्टोबर महिन्यात बाजार कोसळला. चार. बँकांचे दिवाळे. हजारो बँका बुडाल्या आणि सामान्य माणसाची ठेव गेली.”

एक ‘हाय’ नाही, एक ‘नाय’ नाही. उच्चार तेजलचे, मध्ये थांबणंही तेजलचंच. बाहेर गाइड चाळत उभ्या असलेल्या निम्म्या वर्गाला एवढं धड सांगता आलं नसतं.

“आणि पाचवं?” सवयीने मॅडमच्या तोंडून निघून गेलं.

“पाचवं तिनं वाचलंच नाय. चारवर आली आन् म्हणली, आई, अंगात कणकण हाय, उद्या करते.”

मॅडमना रडू आलं. ते त्यांनी लपवलंही नाही. “मावशी, मला मार्क नाही देता येणार.”

“नका देऊ. पाचवं तेवढं सांगा. येकदा ऐकलं का माझ्या ध्यानात ऱ्हातं.”

“पाच,” मॅडम सावकाश म्हणाल्या. “परदेशी मालावर जबर जकात. त्यामुळे देशोदेशींचा व्यापार आटला.”

नवसाबाईंनी ते दोनदा म्हटलं. हळू आवाजात, शेजारी बसलेल्या कोणाला सांगावं तसं. मग त्या उठल्या आणि खुर्ची होती तशी सरकवून ठेवली.

“झाला ना आता तिचा प्रश्न पुरा?”