मशीनचा भरवसा

“आधी माझ्या हाताला बांध बरं ते,” सरूबाई म्हणाली. “बघू तरी, खरं बोलतंय का लबाड हाय.”

सकाळपासून तनुजा बीपीचं मशीन दंडाला बांधत होती आणि सोडत होती. आकडा ठीक यायचा. पण छातीत धडधड सुरू व्हायची आणि ती पुन्हा पट्टा गुंडाळायची. बाळंतपण झाल्यापासून हेच चाललं होतं. श्वास कोंडायचा, हातापायांना मुंग्या यायच्या, आता काही आपण वाचत नाही असं वाटायचं. मग रिक्षा करून छावणीपलीकडच्या दवाखान्यात पळायचं. ईसीजी चांगला, रक्त चांगलं. डॉक्टरीणबाई सांगून थकल्या, की हे दुखणं हृदयाचं नाही, भीतीचं आहे.

भीतीला कारण होतं. तनुजा रांगत होती तेव्हाच तिची आई गेली. कशानं गेली, ते कुणी नीट सांगितलं नाही. आपल्या तान्ह्या छकुलीच्या नशिबीही तेच आलं तर, या घोरानं ती अर्धी झाली होती. माहेर म्हणावं असं कुणी उरलं नव्हतं, म्हणून बाळंतपण करायला सासूच, सरूबाई, गंगापूरहून आली. तनुजा तिला आत्या म्हणायची. मनातून मात्र तिनं तिला केव्हाच आई करून टाकलं होतं.

तनुजाच्या नवऱ्यानं, सत्यमनं, आईच्या दंडाला पट्टा बांधला. तो फुगला, हवा सुटली.

“दोनशे बारा!”

“म्हंजे काय रं?”

“म्हणजे तू आत्ता आयसीयूत पाहिजे, आई.”

सरूबाई पोट धरधरून हसली. पहाटे उठून छकुलीला न्हाऊ घातलेली, लंगोट धुतलेले, भाकरी थापून आता डिंकाचे लाडू वळायला बसलेली बाई ती. तिनं जन्मात कधी सुई टोचून घेतली नव्हती. “मेलं यंत्रच येडं हाय!”

सत्यमलाही हसू आवरेना. तनुजाला मात्र दरदरून घाम फुटला. “अहो, म्हणजे माझंही खोटंच दाखवत असेल की!”

“झालं!” सत्यमनं कपाळावर हात मारला आणि मशीन पिशवीत कोंबलं. ही पीडा घरातून जातेय याचं त्याला बरंच वाटलं. “वाळूजच्या कंपनीतून येताना दुकानात दाखवतो.” दारात तो थांबला. “डॉक्टरीणबाई काय म्हणाल्यात? आधी बसायचं, श्वास मोजायचा. ऊठसूट रिक्षा नाही. एकदा तरी करून बघ, तनू. छकुलीसाठी.”

“करीन,” ती म्हणाली. तिचा स्वतःवर काडीचा भरवसा नव्हता.

दुपारी नळाला पाणी आलं, तेही आठवडा उलटून. सरूबाईनं सुनेला बादलीला शिवू दिलं नाही. “ओली बाळंतीण तू. गप बस.” खालच्या नळावरून बादल्या आणून तिनं एकटीनं ड्रम भरले आणि छकुलीच्या झोळीशेजारच्या खुर्चीत टेकली. दोरी आपसूक हातात गेली. झोळीची कडी कुरकुरायला लागली. सरूबाईचा डोळा लागला तरी तिचा हात दोरी ओढतच राहायचा. घरात त्यावरून तिची फार थट्टा व्हायची.

“पोरी, जीव लई घाबराघुबरा व्हायलाय.” तिनं पदरानं मान पुसली आणि डावा खांदा चोळला. “बादल्यांनी हातबी भरून आलाय.”

तनुजा ताडकन उठली. तिनं फोन उचलला.

“तुझं बघून मलाबी हे खूळ लागलं वाटतं,” सरूबाई हसली. “आज रिक्षात बसायची माझी पाळी!”

तनुजालाही हसू फुटलं. तिनं फोन खाली ठेवला. आधी बसायचं.

“पाय जमिनीला टेकवा, आत्या. आता श्वास आत घ्या. सावकाश. सोडा.” ती पुढ्यात बसून सासूचा हात चोळत राहिली. “काही होत नसतं. येतं तसं जातं.”

“व्हय गं बाई. मी तुला सांगते तेच मला शिकवायली.”

तनुजाची छाती धाडधाड उडत होती, पण तिनं आवाज कापू दिला नाही. हळूहळू सरूबाईचं कण्हणं थांबलं. मान खुर्चीला टेकली, चेहरा सैल झाला. थोड्या वेळानं कडीची कुरकुरही थांबली. घर कसं निवांत झालं. तनुजानं तिच्या अंगावर चादर घातली, चहा करून शेजारी झाकून ठेवला आणि स्वयंपाकघरात येऊन आनंदानं रडली. जमलं! उरलेले लाडू तिनं वळले. एक उभ्याउभ्या खाल्लाही. कितीतरी दिवसांनी तिला अन्नाची चव लागली होती.

संध्याकाळी बेल वाजली. दारात सत्यम. जिने धावत चढल्यासारखा धापा टाकत होता.

“आई कुठंय?”

“हळू बोला, दोघी झोपल्यात.” तिला कधी सांगीन असं झालं होतं. “अहो, आज आत्यांचा जीव घाबरला, अगदी माझ्यासारखाच. पण मी घाबरले नाही. रिक्षा नाही, दवाखाना नाही. मीच शांत केलं त्यांना!”

सत्यमच्या हातातली पिशवी तशीच लोंबकळत राहिली.

“तनू, दुकानदारानं स्वतःला लावून बघितलं, मला लावलं, दुसऱ्या मशीनशी ताडून बघितलं,” तो म्हणाला. “मशीन चांगलं आहे.”

आत छकुली रडायला लागली. झोळीची कडी मात्र कुरकुरली नाही.